रामानं न खोडलेली गोष्ट

वाल्मीकिरामायणाच्या अरण्यकांडात सीता रामाला एक गोष्ट सांगते. एका तपोवनात एक सत्यवचनी तपस्वी राहत होता. त्याच्या तपात विघ्न आणायचं म्हणून इंद्र योद्ध्याच्या वेषात आला आणि आपली तलवार त्याच्याकडे ठेव म्हणून ठेवून गेला. परक्याची ठेव, सांभाळायला हवी, म्हणून तपस्वी तिला नजरेआड होऊ देईना. फळं-कंदमुळं आणायला निघाला तरी तलवार बरोबर. रोजच्या सहवासानं त्याचं मन तपातून निघालं, हळूहळू क्रूर झालं आणि शेवटी तो नरकात गेला. दंडकारण्यातल्या राक्षसांना मारीन, असं वचन राम ऋषींना देऊन बसला होता. त्यावर सीतेनं ही गोष्ट ऐकवली.

आमच्या बंगळूरच्या बसवनगुडीत रामनवमीचे मांडव पडले की पानक-कोसंबरीबरोबर प्रवचनंही पोटभर मिळतात. अशाच एका मांडवात बुवांनी ही गोष्ट दोन मिनिटांत सांगितली आणि ते पुढे शूर्पणखेकडे वळले. मी मात्र तिथेच अडकलो. कारण घरी लोखंडी कपाटात, कुलुपामागच्या कुलुपात, माझं स्मिथ अँड वेसनचं मॉडेल १९ पडलेलं होतं. सहा घरांचा सिलिंडर, चार इंची नळी, बोअर .३५७ मॅग्नम.

हे आमच्या घरात कसं आलं ते सांगतो. कनकपुरा रस्त्याला आमची थोडी जमीन होती, नारळ आणि थोडी नाचणी. रानडुकरांचा उपद्रव आणि रात्रीचा एकटेपणा ही कारणं सांगून मी परवाना काढला आणि कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं .३२चं रिव्हॉल्व्हर घेतलं. त्याची काडतुसं पुण्याजवळच्या खडकीची. बुडावर ‘केएफ’ अशी अक्षरं. शेतावरच्या रात्रींना ते पुरेसं होतं. कधी झाडावं लागलं नाही, म्हणजे पुरेसं होतंच.

मग ओळखीच्या बंदूकवाल्यानं एकदा सांगितलं, एका गृहस्थांच्या वारसांना मॅग्नम काढायचंय, बघायला तरी या. आपल्याकडे १९८०च्या दशकात खासगी आयात बंद झाली. तेव्हापासून परदेशी बनावटीची जुनी शस्त्रं आहेत तेवढ्याच परवानेवाल्यांमध्ये हात बदलतात, आणि दर हाताला भाव चढतो. किंमत आठ आकडी नव्हती, एवढंच सांगतो. गंमत अशी की .३८ बोअर हा पोलिसांचा आणि सैन्याचा म्हणून सामान्य माणसाला बंद, आणि .३५७ मॅग्नम चालतो. .३८ स्पेशल आणि मॅग्नम यांच्या गोळीचा व्यास सारखाच. जोर मॅग्नमचा कितीतरी जास्त. म्हणजे हा नियम शस्त्र किती जोराचं आहे हे पाहत नाही, ते कुणाच्या हातातलं आहे हे पाहतो.

माझी उमेदीची वर्षं टूलरूममध्ये गेली. त्यामुळे मी बघायला गेलो तो फीलर गेज आणि भिंग खिशात घालूनच. घोडा मागे ओढला, चाप दाबून धरला आणि अंगठ्यानं सिलिंडर हलवून पाहिला. हललाच नाही. सहाही घरांशी नळीपुढची फट मोजली. सगळीकडे तेच पातं जात होतं, त्याच्या पुढचं अडत होतं. नळीचं मागचं तोंड या चणीच्या रिव्हॉल्व्हरांत खालच्या अंगाला जरा तासलेलं असतं, म्हणून तिथली भिंत पातळ राहते आणि दणकट काडतुसं फार झाली की तडा तिथूनच जातो. भिंगाखाली तिथे एक रेघ नव्हती. पन्नास-एक वर्षांपूर्वी कुण्या फिटरनं कानशीनं हाताला लावून बसवलेला तो मेळ पाहून माझा जीव त्यात गेला. ना हरकत पत्र, परवान्यावरची नोंद, जुन्या .३२ची विक्री हे सगळं रीतसर झालं.

बंदूकवाल्यांकडे एक ठरलेलं वाक्य असतं: शस्त्र निर्जीव, पाप-पुण्य वापरणाऱ्याचं. ऐकायला हे गीतेतलं वाटतं. पण टूलरूममध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला ते पटणं कठीण. आमच्याकडे ड्रॉइंगशिवाय काही बनत नाही, आणि ड्रॉइंगवर हेतू असतो. ज्या कामासाठी जिग बनवलं ते काम जिगच्या अंगात उतरतं. ते तुम्ही टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवलंत तरी जात नाही. .३५७ मॅग्नम १९३५ साली अमेरिकेत आलं. त्या काळचे गुंड मोटारींच्या आडून लढत आणि पोलिसांच्या .३८च्या गोळ्या त्या पत्र्यापुढे कमी पडत. पत्रा भेदून पलीकडच्या माणसापर्यंत पोचणं हा या काडतुसाचा हेतू. तो त्याच्या दारूत आहे, दाबात आहे. निर्जीव असेल, पण निर्हेतुक नाही.

याच ड्रॉइंगमध्ये आणखी एक गोष्ट आहे. मॅग्नमची पितळी नळी .३८ स्पेशलपेक्षा साधारण अष्टमांश इंच लांब ठेवली. कारण एकच: ते चुकून जुन्या, कमकुवत .३८ रिव्हॉल्व्हरात बसू नये आणि धरणाऱ्याचा हात जाऊ नये. माणूस मारण्याच्या वस्तूत कुणीतरी माणसाची काळजीही घालून ठेवली आहे. हिंसा आणि जपणूक एकाच तुकड्यात अशा मिसळलेल्या असतात, म्हणूनच हा प्रश्न सोपा राहत नाही.

आता रेंजबद्दल. कानात बोळे, त्यावर इअरमफ, तरी मॅग्नम सुटलं की आवाज छातीत येतो. तोंडाशी नारिंगी भडका, मनगटातून कोपरापर्यंत झटका, आणि नळी वर जाऊन परत खाली येईतो लक्ष्य दिसत नाही. नेमबाज म्हणून बघाल तर यात शहाणपण नाही. जागतिक स्पर्धांच्या २५ मीटर सेंटर फायर प्रकारात, ज्यात जसपाल राणानं २००६च्या दोहा आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं, मॅग्नम काडतूस चालतच नाही. म्हणजे हा खेळही नाही. एकदा असं झालं की माझा बार झाल्यावर शेजारच्या लेनमधल्या पोरानं आपलं .२२ खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मी दुसरा बार काढला तेव्हा माझी नजर कागदावर होती आणि मन त्या पोराच्या नजरेवर. गोळी कुठे लागली हे मी नंतर पाहिलं.

इंद्राची तलवार त्या तपस्व्याच्या मनात शिरली ती याच वाटेनं असणार, असं मला वाटतं. पहिल्या दिवशी त्यानं कुणाला मारलं नसेल. पाणवठ्यावर कुणीतरी तलवारीकडे पाहिलं असेल आणि त्याला ते आवडलं असेल.

रामानं सीतेला उत्तर दिलं आहे. आर्ताचा आक्रोश कानी येऊ नये म्हणूनच क्षत्रिय धनुष्य धरतो. ऋषी शरण आले, मी शब्द दिला, तो मोडणार नाही. उत्तर भक्कम आहे. पण नीट पाहिलं तर तपस्व्याची गोष्ट खोटी आहे, असं राम कुठेही म्हणत नाही. सहवासानं मन बिघडतं हा सीतेचा मुद्दा तो खोडत नाही. आपल्यावर एक जबाबदारी आहे म्हणून तो धोका पत्करतो, इतकंच. म्हणजे रामाचं उत्तर लागू व्हायला दारात कुणीतरी ऋषी उभे असावे लागतात. माझ्या दारात दूधवाला आणि कुरिअरवाला सोडून कुणी येत नाही.

टूलरूममध्ये बेळगावकडचे एक जैन सहकारी होते, माझ्याहून वयानं मोठे. त्यांच्याकडे हिंसेचे चार प्रकार मानतात. ठरवून केलेली ती संकल्पी. चूल-पाणी, घरकामातून होणारी आरंभी. शेती-धंद्यात होणारी उद्योगी. आणि अंगावर आलेल्याला अडवताना होणारी विरोधी. गृहस्थाला शेवटच्या तीन पूर्ण टाळता येत नाहीत हे त्यांचं शास्त्र मान्य करतं. मला वाटलं, माझी सोय झाली. मी विरोधीत बसतो. ते म्हणाले, “शेतावरचं .३२ बसत होतं. हे बसत नाही. याला आमच्याकडे अनर्थदंड म्हणतात.” कामाशिवाय केलेलं, कामाशिवाय बाळगलेलं. हिंसेची साधनं विनाकारण पुरवणं हासुद्धा त्यातलाच एक दोष. बोलताना ते रागावले नव्हते. गेजला माल बसत नाही, हे ज्या आवाजात सांगतात त्याच आवाजात त्यांनी सांगितलं.

ज्या दोड्ड बसवावरून, म्हणजे मोठ्या नंदीवरून, आमच्या बसवनगुडीला नाव पडलं त्याची कथाही या प्रश्नाला लागूनच आहे. इथे पूर्वी भुईमुगाची शेतं होती. एक बैल येऊन पीक खाई. चिडलेल्या शेतकऱ्यानं त्याला सोटा हाणला. बैल जागीच बसला आणि दगड झाला. मग लोकांनी देऊळ बांधलं, आणि आजही कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी कडलेकाई परिषे ही शेंगांची जत्रा भरते, नव्या शेंगा आधी बसवाला जातात. परवान्याच्या भाषेत सांगायचं तर सोटा उचलण्याचं कारण ‘पीकसंरक्षण’, अगदी मान्य कारण. तरी लोकांनी हिशोब मिटला असं मानलं नाही. ज्याला मारलं त्यालाच देव केलं आणि ज्या पिकापायी मारलं त्याचा पहिला वाटा कायमचा त्याच्या नावे लावला. कारण खरं असलं तरी देणं उरतंच, असं हे गाव शेकडो वर्षं म्हणत आलं आहे. मग कारणच नसेल तर देणं किती?

खंडेनवमीला हा प्रश्न घरात आला. इथे त्या दिवशी आयुधपूजेचा थाट मोठा. बुल टेंपल रोडवर रिक्षांना केळीचे खांब बांधलेले, चाकाखाली लिंबं, आणि मधोमध कुंकू भरलेला कोहळा आपटलेला. तो लाल गर रस्त्यावर पसरलेला पाहिला की कोहळा कशाच्या जागी आहे हे सांगावं लागत नाही. तिकडे कोडगूत कोडवांचा कैलपोळ्द हा सण असतो, त्यात बंदुकाच फुलांनी सजतात. त्या समाजाला बंदुकीच्या परवान्यातून ब्रिटिश काळापासून सूट आहे आणि मूल जन्मलं किंवा माणूस गेला तरी बार काढतात. आमच्या घरी पाटावर बायकोची विळी, सुरी, कात्री आणि माझा मायक्रोमीटर, व्हर्निअर. दशमीला पूजा उतरेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. भाजीही आदल्या दिवशीच चिरून ठेवलेली. मी रिव्हॉल्व्हर रिकामं करून, पुसून आणलं. शस्त्रपूजेचा दिवस, त्याचाच मान पहिला.

बायको म्हणाली, “अहो, ते राहू दे कपाटात.”

“का? आजचा दिवस शस्त्रांचाच ना?”

“पाटावर जे वर्षभर राबलं ते मांडतात. या मायक्रोमीटरनं घर चालवलं. विळीनं रोज जेवू घातलं. यानं काय केलं आपल्यासाठी?”

शस्त्राचं यश ते चालवावं न लागण्यातच असतं, असं मी म्हणू शकलो असतो. सीमेवरच्या जवानाबाबत ते खरंही आहे. पण जमीन आम्ही विकली होती. रानडुकरं गेली, एकट्या रात्री गेल्या. परवान्यावरचं कारण संपलं होतं आणि शस्त्र तेवढं उरलं होतं. शिवाय पूजेआधी संकल्प असतो. देश, काळ, गोत्र, नाव सांगून झाल्यावर हे कशासाठी करतो आहे ते उच्चारावं लागतं. अर्जातल्या रकान्यात ‘आत्मसंरक्षण’ लिहिताना हात अडत नाही. हातात पाणी घेऊन तेच म्हणायचं झालं तर जीभ अडते. मी ते परत नेऊन ठेवलं.

याच परिसरात गांधी बाजार आहे, म्हणून गांधींचं एक मत आठवतं. १८७८चा शस्त्रकायदा, ज्यानं सगळा देश निःशस्त्र केला, तो त्यांना ब्रिटिश राजवटीच्या दुष्कृत्यांतलं सर्वांत काळं कृत्य वाटे. जबरदस्तीनं रिकामा केलेला हात अहिंसक होत नाही, असा त्यांचा रोख. हे वाचून आमचे काही नेमबाज मित्र खूश होतात: बघा, गांधीसुद्धा! पण त्या विचाराचं दुसरं टोक त्यांना नको असतं. ज्याच्या हातात शस्त्र आहे त्यानंच ते खाली ठेवून दाखवायचं, हे ते टोक. महाभारताच्या सौप्तिकपर्वात अर्जुन आणि अश्वत्थामा दोघेही ब्रह्मशिर अस्त्र सोडतात. मागे घेणं अर्जुनालाच जमतं. महाभारतानं दोघांतला फरक नेमात दाखवलेला नाही, परत घेण्यात दाखवला आहे.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की आमच्यासारख्यांची शस्त्रं जमा करून घेतात. गेल्या वेळी मी बंदूकवाल्याकडे जमा केलं आणि निकाल लागल्यावर परत आणलं नाही. रीतसर पावतीवर ते त्याच्याच कपाटात राहू दिलं. रेंजला जायचं त्या दिवशी सोडवायचं, संध्याकाळी परत. मुलगा हसला. “बाबा, आत्मसंरक्षणाचं शस्त्र दुकानात ठेवलं, तर चोर आल्यावर आधी दुकान उघडायची वाट बघायची का?” त्याचं बरोबर आहे. म्हणूनच मला त्या रकान्याबद्दल काहीतरी केलं पाहिजे.

मॅग्नम झाडताना मला आनंद होतो, हे मी नाकारत नाही. तो आनंद ताकदीचा आहे आणि थोडा दुसऱ्यानं पाहण्याचाही आहे. तो वाईट की निरुपद्रवी, यावर शास्त्री वाद घालोत. मला इतकं कळतं की संरक्षण, धर्म, परंपरा ही मोठी नावं त्या आनंदाला दिली की तो वाढतो, कारण मग त्याला कुणी हटकत नाही. त्याचं खरं नाव घेतलं की तो आपल्या आकारात राहतो.

शस्त्रकायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनं परवान्याची मुदत तीनाची पाच वर्षं झाली. माझी पुढच्या वर्षी संपते. या वेळी कारणात ‘आत्मसंरक्षण’ लिहिणार नाही. ‘लक्ष्यावर नेमबाजीचा सराव’ लिहीन, आणि जमीन विकल्याचंही कळवीन. अधिकाऱ्याला ते पुरेसं वाटलं तर ठीक. नाही वाटलं तर रिव्हॉल्व्हर विकावं लागेल, आणि गिऱ्हाईक लगेच मिळेल. तो मेळ, ती फट, भिंगाखालचं ते निर्दोष तोंड जाताना मला वाईट वाटेल. पण खोटं कारण सांगून ठेवण्याइतकी कारागिरी अजून माझ्या पाहण्यात आलेली नाही.