आज्ञापत्रातला दंड

करवीरचे छत्रपती संभाजी यांच्या मार्गदर्शनासाठी रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास ‘आज्ञापत्र’ सिद्ध केले. १६८९ मध्ये राजाराम महाराज जिंजीकडे निघाले तेव्हा महाराष्ट्राचा कारभार पंतांवरच सोपवलेला होता. मोगली फौजांच्या गराड्यात राज्य टिकवताना कोण फिरले आणि कोण टिकले हे त्यांनी पाहिले होते. ग्रंथातली कठोरता तिथून आली आहे.

आज्ञापत्राचा सर्वांत कडक भाग वतनदारांविषयी आहे. देशमुख, देशपांडे, पाटील हे राज्याचे लहान वाटेकरीच. आहे त्यावर ते समाधानी नसतात आणि परचक्र आले की वतन राखण्यासाठी आधी शत्रूला जाऊन भेटतात. म्हणून त्यांना बळावू देऊ नये, पण वतनही बुडवू नये. स्नेह आणि दंड यांच्यामध्ये त्यांना ठेवावे, असे पंत सांगतात.

वंशपरंपरेच्या सत्तेविषयीचा हाच अविश्वास प्राचीन चीनमधल्या कायदावादी विचारात दिसतो. इ. स. पूर्व ३५६ पासून शांग यांगने छिन राज्यात सरदारांचे जन्मजात हक्क मोडले, दर्जा रणातल्या कामगिरीवर ठरवला आणि कुटुंबांचे गट करून एकाच्या गुन्ह्याला सगळ्यांना जबाबदार धरले. पुढे हान फेईने बक्षीस आणि शिक्षा ही राजाची दोन साधने मानली. या शिस्तीवर छिनने इ. स. पूर्व २२१ मध्ये सारा चीन एक केला. मात्र पंधरा वर्षांच्या आतबाहेर ते साम्राज्य कोसळले. तिथे कायद्याचा सगळा भार शेवटी शेतकऱ्याच्या पाठीवर पडला होता.

पंतांची कठोरता मुख्यतः सत्ता हाती असलेल्यांसाठी आहे, आणि ग्रंथाचे मोठेपण यातच आहे. आरमाराला लाकूड हवे, तरी आंबा-फणसासारखी झाडे रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात. ती बळाने तोडू नयेत. जीर्ण झाड लागलेच तर मालकाला राजी करून, मोल देऊन घ्यावे. राज्याची गरज कितीही खरी असली तरी गरिबाच्या झाडाला हात लावण्यापूर्वी त्याची संमती लागते, हे राज्यकर्त्यालाच बजावलेले आहे.

वतनांविषयीचा इशारा मात्र पुढे पाळला गेला नाही. अठराव्या शतकात सरंजाम वंशपरंपरेने चालू लागले, आणि अमात्य घराण्याची बावड्याची जहागीरही कोल्हापूर राज्यात पिढ्यान्‌पिढ्या टिकली.