घरात आहे तेवढं पुरे

मालवणकडच्या घरात अवचित पाहुणा आला, तरी चुलीपाशी धांदल उडत नाही. सकाळचे बांगडे असतात. फळीवर हळद, तिखट, मीठ आणि उन्हाळ्यात करून ठेवलेलं कोकमाचं आगळ असतं. ते माशाला चोळायचं, मुरू द्यायचं, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर सोडायचं. घरात आहे तेवढं पुरे.

मुरायला वेळ लागतोच. तो वेळ पाहुण्याशी बोलण्यात जातो. मला तोच फार मोलाचा वाटतो.

आपण मात्र माणसांना थांबवून ठेवतो. सवड मिळू दे, हाताशी पैसे येऊ देत, मग बोलावू. आणि भेट राहूनच जाते. श्रोतेहो, घरात आहे तेवढं पुरे. कुणाला बोलवायचं राहिलं असेल, तर त्याला आजच जेवायला बोलवा.