पाटी केवढी आणि अक्कल केवढी!

हात खिशातून बाहेर काढ आणि सरळ उभा राहा. मालक तू तुझ्या गल्ल्यावर. माझ्यासमोर तू अजून शेवटच्या बाकावरचाच आहेस.

दादाभाई नौरोजी रोडवरची तुझ्या दुकानाची नवी पाटी बघून आलो. आधी समोरच्या फुटपाथवरून बघितली, मग रस्ता ओलांडून खालून बघितली. सोळा फूट लांब, चार फूट उंच. काळं एसीपी शीट, त्यावर लाल एलईडीची अक्षरं आणि कडेने पळणारी निळ्या दिव्यांची माळ. घड्याळांचं दुकान आहे की ऑर्केस्ट्रा बार? पाटीवाल्याला मी दोष देणार नाही. तो फुटावर पैसे घेतो, त्याला जेवढे फूट जास्त तेवढं बरं. डोकं तू चालवायचं होतंस. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला तुला ए ग्रेड मिळाली होती, ती अक्षरलेखनाच्या जोरावर, आठवतंय? आणि आज तुझ्या पाटीवर ‘दुरूस्ती’ असं लिहिलंय. रु ऱ्हस्व असतो, हेही मीच सांगायचं का?

शुद्धलेखन एका रात्रीत सुधारता येईल. पाटीच्या मागे काय झाकलंस ते सांग. नाही ना सांगता येत? मग ऐक. मागे एक कमान आहे. तिच्या माथ्यावर मधोमध एक मोठा दगड आहे, त्यावर पानं कोरलेली आहेत. तो दगड शोभेसाठी बसवलेला नाही, दोन्ही बाजूंचा भार तो तोलतो. बांधणाऱ्याने त्याच्यावर कोरीव काम केलं ते एवढ्याचसाठी, की जे काम करतं ते दिसावं. तू नेमकं तेच झाकलंस.

आणि झाकून थांबला नाहीस. पाटीची लोखंडी चौकट बसवायला थेट दगडात ड्रिल मारलंस. मालाडच्या खाणीतला तो पिवळसर दगड शंभरावर पावसाळे खाऊन उभा होता, त्यात तू अँकर बोल्ट ठोकलेस. लोखंड गंजलं की फुगतं, हे सातवीच्या विज्ञानात शिकवतात. फुगलेला बोल्ट दगडाला आतून ताण देतो, आधी केसाएवढी भेग पडते, भेगेत पाणी शिरतं आणि एक दिवस कपचा सुटून खाली येतो. खाली कोण असतं? तुझंच गिऱ्हाईक. भोक पाडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, तर दोन दगडांच्या सांध्यातल्या चुन्यात पाडायचं आणि बोल्ट स्टेनलेस स्टीलचा घ्यायचा. चुना पुन्हा भरता येतो. दगड पुन्हा भरता येत नाही. शिवाय शीट आणि भिंत यांच्यामध्ये तू वीतभर पोकळी सोडली आहेस, त्यात कबुतरं घरटी करणार आणि त्याच घरट्यांतून तुझ्या उघड्या वायरी जाणार. आगीला आमंत्रण याहून वेगळं काय असतं?

काय म्हणालास? मराठी पाटीचा नियम आला म्हणून बदलली? बरं झालं बोललास. कायद्याच्या आड लपणाऱ्याने आधी कायदा वाचावा. २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी माणसं असलेली तुझ्यासारखी दुकानंही पाटीच्या नियमात आली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईतल्या दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. कायद्याने मागितलं काय? नाव देवनागरीत, मराठीत लिहा. ते आधी लिहा. मराठी अक्षरं इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान ठेवू नका. संपलं. सोळा फुटांची पाटी लावा, कमान झाका, दिवे पळवा, यातलं एक तरी अक्षर त्या कलमात दाखव. इंग्रजी अक्षर सहा इंचांचं ठेवलं असतंस तर मराठीही सहा इंचांत भागलं असतं. तू आधी इंग्रजी भलंमोठं केलंस, मग मराठी तेवढंच करायला पाटी वाढवलीस आणि आता मराठीच्या नावाने गळा काढतोस. मराठीला असल्या उपकारांची गरज नाही.

आणि ती मराठी तरी कशी लिहिलीस? इंग्रजीच्या उंचीत कोंबून. देवनागरीला वर मात्रा-वेलांटी लागते, खाली उकार लागतो, त्यांना जागा ठेवावी लागते. तुझा उकार शीटच्या कडेवर चिरडलाय आणि वेलांटी निळ्या दिव्यांत घुसली आहे. पाटी मराठी केली म्हणतोस, पण मराठीची साधी मापंही घेतली नाहीस.

दुसरी सबब. लांबून दिसायला नको का! कोणाला दिसायला? बेस्टच्या बसमधल्या माणसाला? तो पाटी बघून चालत्या बसमधून उडी मारून घड्याळाचा सेल बदलायला येणार आहे का? तुझं गिऱ्हाईक कुठून येतं ते कधी उभं राहून बघितलंस? लोकल गाडी पकडून सीएसएमटीला उतरतं, भुयारी मार्गातून वर येतं आणि कमानींखालून सावलीत चालत फ्लोरा फाउंटनकडे जातं. कमानीच्या बाहेर, डोक्याच्या वर, रस्त्याकडे तोंड करून लावलेली तुझी सोळा फुटी पाटी त्याला दिसतच नाही! तो तिच्या खालून निघून जातो. त्याला हवी आहे कमानीच्या आत, वाटेला आडवी टांगलेली, दोन्ही बाजूंनी वाचता येणारी हातभर पाटी. डोक्याला लागणार नाही एवढ्या उंचीवर. ती तू लावलीच नाहीस. चाळीस वर्षं ज्या जागेत वावरलास, त्या जागेत माणूस कसा चालतो हे तुला ठाऊक नाही आणि धंद्याच्या गोष्टी मला सांगतोस.

तिसरी सबब सगळ्यात उद्धट. दुकान माझं, मी काहीही लावीन. दुकान तुझं? पागडीची जागा, तू भाडेकरू. चार भिंतींच्या आतला माल तुझा. बाहेरची भिंत इमारतीची, आणि ती दिसते ती सगळ्या रस्त्याला. त्या रस्त्याचा इतिहास तुझ्या आजोबांना ठाऊक होता, तुझ्यापर्यंत तो पोचलेला दिसत नाही.

१८६० च्या दशकात बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत फोर्टचा तट पाडला, मोकळी जागा झाली आणि हा रस्ता रुंद होत गेला. तेव्हा त्याचं नाव हॉर्नबी रोड. दोन्ही बाजूंना मोठाल्या इमारती उठू लागल्या. कोणी गॉथिक बांधली, कोणी नवअभिजात, कोणी भारतीय घुमट-जाळ्यांची मिश्र शैली घेतली. जो तो आपल्या मनाचा राजा. तेव्हा १८९६ मध्ये सरकारने नियम केला, की या रस्त्यावर बांधायचं तर तळमजल्याला पुढे कमानींची सलग वाट सोडावी लागेल, लोकांना चालायला. म्हणजे स्वतःच्या महागड्या जमिनीचा दर्शनी पट्टा लोकांच्या पायाखाली द्यायचा. मालकांनी दिला. शैली आपापली ठेवली, कमानींची ओळ मात्र एकत्र जोडली. म्हणून एकासारखी दुसरी इमारत नसतानाही तो रस्ता एक दिसतो.

आता हिशेब कर, गणितात तू बरा होतास. सव्वाशे वर्षं मुंबईच्या उन्हात आणि पावसात माणसं तुझ्या दुकानासमोरून चालतात, ती का? तिथे सावली आहे म्हणून. सावली का आहे? त्या वेळच्या मालकांनी नियम पाळला म्हणून. तुझ्या आजोबांचं दुकान चाललं, वडिलांचं चाललं, तुझं चालतंय, ते दुसऱ्यांनी नियमापोटी सोडलेल्या जागेवर. त्यांनी जमीन सोडली. तुला चार फूट उंचीची हाव सोडवत नाही. आणि वर तूच म्हणतोस की नियम धंद्याच्या मुळावर येतात!

नियम कोणी आभाळातून टाकलेले नाहीत. मुंबईत वारसा इमारतींची नियमावली १९९५ ची आहे. तिच्या यादीतल्या इमारतीच्या दर्शनी भागात फेरफार करायचा तर वारसा संवर्धन समितीपर्यंत जावं लागतं, हे तुला आणि तुझ्या पाटीवाल्याला दोघांनाही कळायला हवं होतं. आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस याच रस्त्यासाठी वेगळं काम झालं. एमएमआरडीएच्या हेरिटेज कॉन्झर्वेशन सोसायटीने वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्याकडे ते सोपवलं होतं. पाट्या कुठे, केवढ्या, कशा असाव्यात याची मार्गदर्शक तत्त्वं ठरली. त्यांचं सार पाचवीतल्या पोराला समजेल इतकं सोपं आहे. पाटी कमानीच्या आत बसवा. कोरीव काम, कंगोरे, रंगीत काच झाकू नका. आतून पेटणाऱ्या प्लास्टिकच्या पेट्या नकोत. दुकानदार आणि रहिवासी एकत्र आले, हेरिटेज माइल असोसिएशन उभी राहिली आणि अनेक दुकानांच्या पाट्या कमानीत परतल्या. २००४ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या कामाची दखल घेतली गेली. पाट्या नीट लावल्या म्हणून कोणाचं दुकान बुडालं, नाव सांग. पाटी लहान झाल्यामुळे गिऱ्हाईक वाट चुकलं, असा एक माणूस आणून दाखव.

बाहेरची उदाहरणं हवीत? जयपूरच्या परकोटातल्या बाजारात जा. पांढऱ्या पट्टीवर काळी अक्षरं, ओळीने, ठरलेल्या जागेत. जोहरी बाजारात सोनं विकणारे तसल्या पाटीखाली बसतात आणि काही कोणी उपाशी नाही मेलं. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गच्या गेट्राइडेगासे नावाच्या गल्लीत घडीव लोखंडाच्या नक्षीदार पाट्या टांगलेल्या असतात. तिथे मॅकडोनाल्ड्सनेही तशीच पाटी टांगली आहे. जगभर आपला पिवळा एम मिरवणारी कंपनी त्या गल्लीत मान खाली घालते. आणि तू, एका दुकानाचा मालक, मान ताठ ठेवणार?

आता म्हणशील, सगळ्यांनीच लावल्यात. ही सबब मी वर्गात कधी ऐकून घेतली होती का? सगळे कॉपी करतात म्हणून तू कॉपी केलीस, तर शून्य तुझ्याच वहीवर पडणार. शेजाऱ्याने बारा फुटी लावली म्हणून तू सोळा फुटी लावलीस, आता पलीकडचा वीस फुटी लावेल, आणि शेवटी कोणाचीच वाचता येणार नाही. वर्गात सगळी पोरं एकदम ओरडली की एकाचंही उत्तर मला ऐकू येत नसे, तीच गत. सगळ्यांच्या पाट्या लहान असल्या की प्रत्येकाची वाचता येते.

महापालिकेबद्दल काय बोलणार आहेस तेही मला ठाऊक आहे. चौकाचौकात वाढदिवसाचे फ्लेक्स झळकतात, दादा-भाऊ हात जोडून उभे असतात, त्यांना कोणी विचारत नाही, आम्हालाच का? खरं आहे. बेकायदा फलकांबद्दल उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सविस्तर आदेश दिले, तरी फ्लेक्स उतरत नाहीत. परवानगी मागायला गेलं की या टेबलावरून त्या टेबलावर फाइल फिरते, हेही खरं. ज्यांचं ते काम आहे त्यांची कानउघाडणी मी सोडणार नाही, पण ती त्यांच्या तोंडावर करीन. त्यांच्या चुकीमुळे तुझ्या चुकीचं ओझं उतरत नसतं. तुझ्या पाटीचं बिल महापालिकेने भरलं नव्हतं. ते तू भरलंस, आनंदाने भरलंस, आणि गुळगुळीत शीटवर हात फिरवून फोटो काढलास.

तुझ्या आजोबांची पाटी कुठे आहे? काचेवर मागच्या बाजूने सोनेरी वर्ख लावून लिहिलेली, कमानीच्या आत बसणारी? पोटमाळ्यावर? वाटलंच. त्या पाटीवरचं प्रत्येक अक्षर पेंटरने काचेच्या मागून, उलटं लिहिलं होतं. मी तुम्हा पोरांना एकदा मुद्दाम तिच्यासमोर उभं केलं होतं, शिरोरेषा सरळ म्हणजे काय ते दाखवायला. ती पाटी धुळीत टाकून तू हे काळं शीट टांगलंस. बाप-आजाचं नाव काढायचं म्हणतात ते असं नव्हे.

रडवेला होऊ नकोस, त्याने माझ्यावर काही परिणाम होत नाही. काम लिहून घे. पहिलं, दिवे आजच बंद. दुसरं, शीट आणि चौकट या आठवड्यात उतरव. बोल्ट हिसकून काढू नकोस. जुन्या दगडी इमारतींची दुरुस्ती केलेला माणूस बोलाव, तो सांगेल तसे काढ, आणि भोकं सिमेंटने बुजवू नकोस. तिसरं, पोटमाळ्यावरची पाटी खाली आण आणि पुसून बघ, वर्ख किती शिल्लक आहे. तिच्यावरची मराठी अक्षरं कायद्यात बसतात का तेही तपास. बसत नसतील तर तिच्या जोडीला कमानीत मावेल एवढी नवी पाटी कर, सुटी अक्षरं, बाहेरून पडणारा एकच साधा पिवळा दिवा. चौथं, आडवी टांगायची हातभर पाटी.

आणि पाचवं. यातलं काहीही करायला देण्याआधी कमानीचं चित्र काढून माझ्याकडे आण. पट्टीने मोजून, एक फुटाला एक इंच या प्रमाणात, पेन्सिलने. मधला दगड, त्यावरची पानं, सगळं त्यात दिसलं पाहिजे. मोबाइलवरचा फोटो चालणार नाही. पाटीवाल्याकडून काढून आणलंस तर ते मला पहिल्या रेघेत कळेल आणि कागद तुझ्यासमोर फाडीन. शनिवारी सकाळी, नऊ वाजता. नऊ म्हणजे नऊ. घड्याळांचं दुकान आहे तुझं, उशिराची सबब निदान तू तरी सांगू नकोस.