निळी वडी

मोत्या सकाळी उठलाच नाही. नाकातून रक्ताची बारीक धार, श्वास जड. तात्यांनी तिथल्या तिथे निकाल लावला: हे काम दगडूचं. मागल्या आठवड्यात मोत्याने त्याची कोंबडी धरली होती आणि काल दगडू कपाशीवर फवारत होता, हे अख्ख्या वस्तीने पाहिलं होतं. तात्या त्याच्या फाटकाशी जाऊन मनसोक्त शिव्या घालून आले.

मोत्याभोवती एव्हाना सल्लागार जमले होते. कोणी म्हणे मिठाचं पाणी पाजा, कोणी म्हणे कांद्याचा रस. कांदा कुत्र्याच्या रक्तालाच बाधतो. पण अशा वेळी गप्प कोण बसतं? नशीब, जनावरांचे डॉक्टर वेळेवर आले. त्यांना तात्या मोत्यापेक्षा दगडूबद्दलच जास्त सांगत होते.

डॉक्टरांनी मोत्याचा ओठ वर केला. हिरड्या पांढऱ्याफटक. पोटाच्या कातडीवर जांभळे डाग. मग त्यांनी पापणी उघडून पाहिली.

"फवारणीचं औषध असतं तर लाळ गळली असती, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असत्या, अंग थरथरलं असतं. तेही काही तासांत. याला त्यातलं काही नाही."

"मग काय आहे?"

"उंदराचं औषध. ते खाल्ल्यावर कुत्रं दोन-तीन दिवस चांगलं हुंदडतं. आत मात्र के जीवनसत्त्व कामातून जातं, रक्त गोठेनासं होतं आणि जिथून वाट मिळेल तिथून झिरपतं. याने तीन-चार दिवसांपूर्वी खाल्लंय. घरात ठेवलं होतं का?"

"आमच्यात नाही."

"आजोबा," नातू म्हणाला, "सोमवारी ज्वारीच्या पोत्यांमागे तुम्हीच निळ्या वड्या ठेवल्या की."

पोती सरकवली. कागद चघळलेला, वडी एकही नाही.

डॉक्टरांनी के-१चं इंजेक्शन दिलं. पुढे तीन-चार आठवडे गोळ्या, रक्त थांबलं तरी मध्येच बंद करायच्या नाहीत. "पण आधी जिल्ह्याच्या दवाखान्यात न्या, रक्त चढवावं लागेल. त्यासाठी दुसरं कुत्रं लागेल. तरणं, धडधाकट, पंचवीस किलोंच्या वरचं. वस्तीत आहे का?"

होतं. एकच. दगडूचा वाघ्या.

तात्या पुन्हा फाटकाशी गेले. शब्द जुळेनात. दगडूने अर्ध्यातच ओळखलं आणि खुंटीवरची साखळी काढली.

"वाघ्या परक्याला चावतो. मी येतो बरोबर. जीप सांगितलीत का?"