बेतणं आणि शिवणं

महिला दिन जवळ आला की एक वाक्य हमखास कानावर पडतं: शिवणकामाचं बरं असतं, बाळ सांभाळून घरबसल्या करता येतं. म्हणणाऱ्याच्या मनात कौतुकच असतं. पण दहा महिन्यांचं मूल कडेवर घेऊन कापडात काही नवं करू पाहणाऱ्या माझ्यासारखीला ते टोचतं.

या समजुतीला विद्वत्तेचाही आधार आहे. मानववंशशास्त्रज्ञ ज्युडिथ ब्राउन यांनी १९७० साली एका छोट्या टिपणात मांडलं, की समाज ज्या कामांसाठी बायकांवर विसंबतो ती मूल सांभाळण्याशी जुळणारी असतात: एकसुरी, फार एकाग्रता न मागणारी, मध्येच टाकून पुन्हा हाती घेता येणारी, मुलाला धोका नसलेली, घरापासून लांब न नेणारी. एलिझाबेथ वेलँड बार्बर यांनी १९९४च्या ‘विमेन्स वर्क’ या पुस्तकात हाच धागा धरून वस्त्रकलेचा वीस हजार वर्षांचा इतिहास सांगितला. कातणं-विणणं बायकांच्या हाती का आलं, याचं उत्तर म्हणून ते मला बरंचसं पटतंही.

पण शिवणाच्या टेबलाशी ते पुरत नाही. रांगणाऱ्या बाळाच्या घरात टाचणी, कातर आणि तापलेली इस्त्री यांना निर्धोक कसं म्हणायचं? तरी हा आक्षेप लहान आहे. वस्तू उंचावर ठेवता येतात. खरी अडचण ‘मध्येच टाकता येणारं’ या शब्दांत आहे. धावदोरा कुठेही थांबतो. अर्धी शिवण मशीनच्या दाबाखाली तासभर पडून राहिली तरी बिघडत नाही, आणि चुकली तर उसवता येते. बेतण्याचं तसं नाही.

परवा खणाचं झबलं-कुडतं बेतत होते. खणाचा पन्हा कमी, त्यामुळे बाह्या एकेरी कापडावर, एकामागून एक कापायच्या होत्या. पहिली कापली आणि बाळ उठलं. त्याला पाजून, पुन्हा निजवून आले आणि कागद न उलटताच दुसरी कापली. दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या झाल्या. उरलेल्या कापडात तिसरी बसत नव्हती. हात तोच, कातर तीच. मोडला होता तो मनातला हिशोब. आपल्या भाषेत कापड ‘बेततात’ आणि मनात ‘बेत’ असतो. या दोन शब्दांचं नातं मला त्या दुपारी कळलं.

चित्रकार सोनिया डेलोने यांनी १९११ साली आपल्या तान्ह्या मुलासाठी कापडाच्या तुकड्यांचं पांघरूण शिवलं. ते आज पॅरिसच्या एका संग्रहालयाच्या संग्रहात आहे आणि आईपण व कला एकत्र नांदल्याचा दाखला म्हणून सांगितलं जातं. नांदली असतीलही. पण ते पांघरूण संग्रहालयात गेलं, ते कोणता रंग कोणाशेजारी बसवायचा या निर्णयामुळे. नुसत्या टाक्यांसाठी कोणी ते जपलं नसतं. गोधडीत हे निर्णय शिवता शिवताही सुचतात, हे मी मान्य करते. तरी सुचायला मन मोकळं लागतंच.

मोकळ्या मनासाठी सुचवला जाणारा स्वतंत्र खोलीचा उपाय मला अपुरा वाटतो. बाळाचं रडणं दाराला जुमानत नाही. आणि मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीने आलेली २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा नोकरदार बाईसाठी आहे, स्वतःच्या मशीनवर बसणारीसाठी नाही.

म्हणून मला ‘काम आणि मूल’ हा भेद निरुपयोगी वाटतो. खरा भेद कामाच्या आतच आहे: शिवणं आणि बेतणं. शिवणं बाळाच्या झोपेच्या तुकड्यांत मावतं आणि ते मावतं म्हणूनच सगळं काम मावतं असा ग्रह होतो. मग वर्षानुवर्षं तेच जुने पॅटर्न, तेच ब्लाउज, तेच फॉल-बिडिंग. बाईची कल्पकता आटली असं लोक म्हणतात. ती आटलेली नसते, तिला सलग वेळ मिळालेला नसतो.

घरच्यांनी बाळाला घ्यायचंच असेल, तर ऑर्डर खोळंबली म्हणून नको. आठवड्यातून एकदा, ठरवून, सलग दोन तास घ्यावं. दोन तासांनी टेबलावर शिवलेलं काहीच दिसणार नाही, कापडावर खडूच्या चार रेघा असतील. तेवढ्यावर ‘काय केलंस इतका वेळ?’ असं विचारू नये.