काय जमलंय?

ओसाकाच्या दक्षिणेला साकाई नावाचं शहर आहे. तिथल्या स्वयंपाकाच्या सुऱ्या जपानभर नावाजलेल्या. सुरी एकट्याच्या हातची नसते. लोहार मऊ लोखंडावर पोलाद जोडून पातं घडवतो, धार दुसराच कारागीर लावतो, मूठ तिसरा बसवतो.

अशाच एका धारवाल्याकडे एक पोरगा शिकायला राहिला होता. फिरत्या दगडावर त्याचा हात चालताना पाहून गिऱ्हाइकं म्हणायची, "सुगोइ!" भारीच! जपानात हा शब्द दिवसभर कानावर पडतो. पाऊस धो धो आला तरी सुगोइ, रामेन फक्कड झालं तरी सुगोइ. पोरगा रिवाजाप्रमाणे मान लववून "मादा मादा देसु" म्हणायचा, अजून खूप शिकायचंय. मनातून मात्र फुलून यायचा.

एकदा त्याला एका म्हाताऱ्या लोहाराकडे पाती आणायला धाडलं. एक पातं हातात घेताच तो म्हणाला, "जोझु देसु ने!" छान जमतं हो तुम्हाला! बरोबरीच्या माणसाला हे शोभलं असतं. थोरांच्या कसबावर शिकाऊ पोराने असा शेरा मारणं तिथे उद्धटपणाचं. म्हातारा चिडला नाही. त्याने एवढंच विचारलं, "काय जमलंय?"

पोरगा पातं उलटसुलट करत राहिला. उत्तर सापडेना.

"सापडलं की सांग."

त्या दिवसापासून पोरगा बघायला लागला. कुणाचं पातं सपाट दगडावर ठेवलं की डुलायचं, आधी हातोडीने सरळ करावं लागायचं. कुणाच्या पात्याची मागची बाजू मधोमध नीट खोलगट नसायची. तिथे मासळीचे काप चिकटायचे. गिऱ्हाइकांनी वाहवा केली की आता त्याला त्यांना तेच विचारावंसं वाटे, पण तो गप्प राही.

हिवाळ्यात तो पुन्हा भट्टीवर गेला.

"तुमचं पातं दगडावर डुलत नाही," तो म्हणाला. "पाणी पाजल्यावर आलेला बाक तुम्ही पुरता काढता, म्हणून पोलाद फुकट घासलं जात नाही. या खेपेला मात्र एका पात्यात मुठीजवळ थोडा राहिलाय."

म्हाताऱ्याने ते पातं उजेडात धरून एका डोळ्याने न्याहाळलं.

"ओकिनी," तो म्हणाला. त्या मुलखात आभार असेच मानतात. मग हातोडी उचलून त्याने पोराला जवळ बोलावलं.

"कुठे राहिलाय? बोट ठेव."