चार आण्यांचा सभासद

ज्याने कधी व्यासपीठावर पाऊल ठेवले नाही, ज्याचे नाव कोणत्याही कार्यकारिणीच्या यादीत झळकले नाही, आणि वर्षाची चार आणे वर्गणी भरून जो स्वतःला एका महान राष्ट्रीय संस्थेचा घटक मानीत आला, अशा साध्या अनुयायाने आपल्या आवडत्या नेत्यासाठी गल्लोगल्ली फिरून, घसा कोरडा करून, स्नेह्यांशी वाकडे घेऊन आपला पक्ष विजयी केला, की तेथे त्याचा धर्म संपतो की तेथूनच तो सुरू होतो, हा प्रश्न राज्यशास्त्राच्या ग्रंथांत फारसा विचारला जात नाही. तेथे पुढाऱ्यांच्या चुका आणि डावपेच यांची नोंद असते. अनुयायाच्या अंतःकरणाची रुजुवात कोणी घालीत नाही. धर्माधर्माचा विचार करणाऱ्याला मात्र हा प्रश्न टाळता येत नाही, कारण नेता हा बहुधा आपल्या प्रतिस्पर्ध्याला ओळखत असतो, त्याच्याबरोबर तुरुंगात राहिलेला असतो, त्याच्या दुखण्याखुपण्याची त्याला माहिती असते. अनुयायाला प्रतिस्पर्धी केवळ नावाने ठाऊक असतो, आणि ज्याचे केवळ नाव ठाऊक आहे त्याचा द्वेष करणे फार सोपे असते.

कलकत्त्याला या प्रश्नाची एक निश्चित तारीख आहे. २९ जानेवारी १९३९ रोजी राष्ट्रीय सभेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, अध्यक्षपदासाठी प्रांतोप्रांतीच्या प्रतिनिधींनी मतदान केले, आणि सुभाषचंद्र बसू यांना १५८० तर डॉ. पट्टाभि सीतारामय्या यांना १३७७ मते पडली. एरव्ही अध्यक्षाची निवड हा वडीलधाऱ्यांनी आधी ठरवावयाचा आणि इतरांनी आनंदाने मान्य करावयाचा विषय असे. वर्षभरापूर्वी हरिपुऱ्यास सुभाषबाबूंची निवड तशीच झाली होती. या वेळी मात्र ब्रिटिशांच्या संघराज्य-योजनेशी तडजोड करावयाची की सरकारला सहा महिन्यांची मुदत देऊन लढ्यास उभे राहावयाचे, हा वाद उभा राहिला आणि निवडणूक खरोखरीची झाली. चार आण्यांच्या सभासदाला अध्यक्षासाठी प्रत्यक्ष मत नव्हते. त्याने निवडलेला प्रतिनिधी त्याच्या वतीने मत देत असे. तरीही देशाचे नेतृत्व कोणी करावे हे सांगण्याचा अधिकार आपल्या मुठीत आला आहे, असे त्याला प्रथमच वाटले. बंगालमध्ये सुभाषबाबूंना ४०४ मते मिळाली आणि पट्टाभींना ७९. गुजरातेत नेमके उलट, सुभाषबाबूंना ५ आणि पट्टाभींना १००. आकड्यांतील ही दरी पाहिली म्हणजे तत्त्वाच्या वादात प्रांताचा अभिमान किती सहज मिसळतो हे ध्यानात येते.

भवानीपुरातील किंवा श्यामबाजारातील त्या अनुयायाच्या आनंदाची कल्पना करणे कठीण नाही. सुभाषबाबू त्याच्या लेखी केवळ पुढारी नव्हते. १९२४ साली कलकत्ता महापालिकेचे मुख्य अधिकारी असताना त्यांना पकडून मंडालेस धाडण्यात आले होते. १९२८ च्या कलकत्ता अधिवेशनात स्वयंसेवकांच्या अग्रभागी लष्करी गणवेशात चालताना याच रस्त्यांनी त्यांना पाहिले होते. १९३० साली तेच या नगरीचे महापौर झाले होते. असा आपल्या डोळ्यांदेखत वाढलेला पुरुष वडीलधाऱ्यांच्या मर्जीने नव्हे तर प्रतिनिधींच्या मताने निवडून आला, यात त्या अनुयायाला स्वतःच्याच प्रौढत्वाची ग्वाही मिळाली असली पाहिजे.

आणि मग, जे मिळाले होते ते हातातून निसटू लागले. निकालानंतर दोनच दिवसांनी गांधीजींनी हा पराभव पट्टाभींपेक्षा आपला स्वतःचा आहे, असे जाहीर केले. फेब्रुवारीत कार्यकारिणीतील बहुतेक ज्येष्ठ सभासदांनी राजीनामे दिले. मार्चमध्ये जबलपूरजवळ त्रिपुरीस अधिवेशन भरले तेव्हा बावन्नाव्या अधिवेशनाच्या मिरवणुकीत बावन्न हत्ती होते. पण ज्याच्यासाठी मिरवणूक काढली तो अध्यक्ष तापाने फणफणलेला, आणि मिरवणुकीत त्याच्या जागी त्याचे चित्र होते. गांधीजी त्या वेळी राजकोटच्या प्रकरणात गुंतलेले होते. गोविंद वल्लभ पंतांनी मांडलेल्या ठरावाने अध्यक्षांना आपली कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुरूप नेमण्यास सांगितले. अध्यक्षांच्या प्रकृतीकडे पाहून हा ठराव महासमितीकडे सोपवावा, अशी सूचना आपल्या यवतमाळच्या बापूजी अण्यांनी केली, तेव्हा मंडपात एवढा गदारोळ माजला की समेटाचा शब्दही कोणाच्या कानी पडेना. ठराव अखेर मंजूर झाला. पुढे गांधीजींनी कोणतीही नावे सुचविण्यास नकार दिला. अध्यक्षाने त्यांच्या इच्छेनुरूप नेमावे असा ठराव, आणि इच्छा तर ते सांगेनात, अशा कोंडीत सापडलेल्या सुभाषबाबूंनी एप्रिलच्या अखेरीस कलकत्त्यात वेलिंग्टन स्क्वेअर येथे भरलेल्या महासमितीपुढे राजीनामा ठेवला, आणि राजेंद्रप्रसाद अध्यक्ष झाले.

त्या अनुयायाची फिर्याद मी खरी मानतो, आणि ती सौम्य शब्दांत मांडून तिचे तेज कमी करण्याची माझी इच्छा नाही. गांधीजी १९३४ सालीच राष्ट्रीय सभेतून बाहेर पडले होते. ते चार आण्यांचे सभासदही उरले नव्हते. जो सभासद नाही त्याच्या इच्छेपुढे पंधराशे ऐंशी प्रतिनिधींचा कौल निष्प्रभ व्हावा, आणि तोही नियमांचा कोठेही उघड भंग न होता, सर्व काही रीतसर ठरावाने, हे पाहून ज्याचे रक्त तापले नसेल त्याच्या लोकनिष्ठेविषयी शंका घ्यावी लागेल. महात्म्याची नैतिक सत्ता कितीही थोर असली तरी मतपेटीने दिलेला अखत्यार तिने परत घ्यावयाचा नसतो. कारण थोरांनी एकदा तो परत घेतला, की पुढे लहानांनाही तो पायंडा सापडतो.

तथापि दुसऱ्या पक्षाचीही एक फिर्याद होती, आणि तीही खोटी नव्हती. उजव्या गटाचे नेते संघराज्याच्या प्रश्नावर सरकारशी आतून तडजोड करू पाहत आहेत, अशी समजूत सर्वत्र आहे, असे सुभाषबाबूंनी निवडणुकीपूर्वीच्या आपल्या निवेदनात सूचित केले होते. पट्टाभींच्या बाजूने जाहीर पत्रक काढणाऱ्यांत वल्लभभाई पटेल, राजेंद्रप्रसाद, जमनालाल बजाज, भुलाभाई देसाई यांच्याबरोबर आपले शंकरराव देवही होते. ज्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे कारावासात घालविली, त्यांच्या हेतूवर पुराव्यावाचून संशय घेतला गेला, तर त्यांना त्या अध्यक्षाच्या हाताखाली बसणे जड वाटावे यात नवल नाही. ज्या अनुयायाला पंत-ठरावातील अन्याय स्वच्छ दिसत होता, त्याला हा दुसरा अन्याय दिसत नव्हता. आणि न दिसण्याचे कारण अज्ञान नव्हते, प्रेम होते.

त्या प्रेमाचे पर्यवसान वेलिंग्टन स्क्वेअरवर झाले. आज त्या जागेला राजा सुबोध मल्लिक स्क्वेअर म्हणतात; हिवाळ्यात तेथे लोकरीचे कपडे विकणाऱ्या भूटिया लोकांची दुकाने मांडली जातात, आणि घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी क्वचितच कोणाला ठाऊक असते की येथेच, राजीनाम्याची वार्ता पसरल्यावर, संतप्त समुदायाने देशाच्या ज्येष्ठ नेत्यांना घेरून त्यांची अवहेलना केली आणि गोष्ट धक्काबुक्कीपर्यंत गेली. त्या जमावात भाडोत्री माणसे नव्हती, असे मी समजतो. तो चार आण्यांचाच सभासद होता. जानेवारीत ज्याने आपल्या प्रतिनिधीमार्फत विवेकाने कौल दिला होता, तोच एप्रिलमध्ये हात उगारून उभा होता, आणि दोन्ही वेळा आपण एकाच निष्ठेने वागत आहोत अशी त्याची प्रामाणिक श्रद्धा होती.

येथे प्रश्न धर्माचा होतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात ज्ञानाचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांतील तामस ज्ञानाचे लक्षण असे की ते एका अंशाला, जणू तेच सर्वस्व आहे अशा रीतीने, कारणाचा विचार न करता चिकटून राहते. तामस माणूस म्हणजे आळशी किंवा मंद माणूस, अशी आपली ढोबळ समजूत असते. परंतु या लक्षणाप्रमाणे अत्यंत उत्साही, त्यागी आणि रात्रंदिवस राबणारा कार्यकर्तादेखील तामस असू शकतो. त्याचा अंश खोटा असतो असे नाही. सुभाषबाबू थोर होते, त्यांचा कौल न्याय्य होता, हा अंश खराच होता. दोष आहे तो अंशाला पूर्ण मानण्यात. आपला नेता म्हणजे देश, त्याचा विरोधक म्हणजे देशाचा विरोधक, असे समीकरण मनात पक्के बसले, की सत्याच्याच नावाने असत्य सुरू होते.

यावर कोणी म्हणेल की मग पक्ष घेऊच नये. तटस्थ राहावे, आणि कलहापासून चित्त दूर ठेवावे. हा उपदेश सात्त्विक दिसतो, पण तो मला धर्माचा वाटत नाही. त्रिपुरीस समाजवादी गट ठरावावरील मतदानाच्या वेळी तटस्थ राहिला. त्या तटस्थतेने ना सुभाषबाबूंना आधार मिळाला ना संस्थेची एकी टिकली. ज्याला एक बाजू अधिक न्याय्य वाटते त्याने ती घेतली पाहिजे आणि सर्व सामर्थ्याने चालविली पाहिजे. प्रश्न पक्ष घ्यावा की नाही हा नाही. पक्ष घेऊन उभे राहिल्यावर समोरच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, हा आहे.

महाभारताने याचे उत्तर एका प्रसंगातून दिले आहे. दोन्ही सैन्ये सज्ज झाल्यावर युधिष्ठिर कवच उतरवितो, शस्त्रे खाली ठेवतो आणि पायी चालत शत्रुसैन्यात शिरतो. भावांना वाटते हा शरण चालला. तो जातो भीष्मांकडे. त्यांचे पाय धरतो आणि त्यांच्याशीच युद्ध करण्याची अनुज्ञा मागतो. भीष्म प्रसन्न होऊन म्हणतात की तू आला नसतास तर मी तुला शाप दिला असता. त्यानंतर युधिष्ठिर परत येतो, कवच चढवितो आणि युद्ध होते. त्या नमस्काराने युद्धाचा एकही बाण कमी झाला नाही. व्यासांना सुचवावयाचे आहे ते असे की विरोध आणि आदर ही एकमेकांना खाणारी तत्त्वे नाहीत. आदर जिवंत असेल तरच विरोध धर्मयुद्ध राहतो. मात्र ज्याला आपण विरोध करीत आहोत त्याच्यापर्यंत चालत जाण्याचे श्रम घ्यावे लागतात, आणि स्वकीयांचा गैरसमज सोसावा लागतो. जमावात उभा असलेला माणूस हे श्रम घेत नाही.

हा दोष केवळ वंगवासीयांचा, असे म्हणण्याचा अधिकार आम्हा मराठी माणसांना नाही. १९०६ साली कलकत्त्याच्या अधिवेशनासाठी टिळकांचे नाव अध्यक्षपदाला पुढे येताच नेमस्तांनी दादाभाई नवरोजींना इंग्लंडहून बोलाविले. पुढल्या वर्षी सुरतेस लाला लजपतराय की रासबिहारी घोष, या वादात मंडपात एक मराठी जोडा भिरभिरत आला आणि फिरोजशहा मेहता व सुरेंद्रनाथ बानर्जी यांना लागला. सुरेंद्रनाथांनी वंगभंगाविरुद्ध अवघा बंगाल उठविला होता. तेवढ्या क्षणी मात्र ते जोडा फेकणाऱ्याच्या लेखी केवळ विरुद्ध बाजूचे एक माणूस होते. आज कलकत्त्याच्या दक्षिण भागात एका हमरस्त्याला रासबिहारी घोषांचे नाव आहे, आणि ज्या एल्गिन रोडवर सुभाषबाबूंचे घर आहे त्या रस्त्याचे अधिकृत नाव लाला लजपतराय सरणी असे आहे. दोघांच्या नावांना एका शहरात जागा पुरली. एका मंडपात ती पुरली नव्हती.

एकाच पक्षातील उमेदवारांची झुंज परपक्षाशी होणाऱ्या झुंजीपेक्षा अधिक कडवट का होते, हे अमेरिकेत अध्यक्षपदाची उमेदवारी ठरविण्यासाठी एकाच पक्षाचे लोक महिनोन्‌महिने आपसांत झगडतात तेव्हाही दिसते. परक्याकडून आपण न्यायाची अपेक्षाच करीत नाही. स्वकीयाने वेगळे मत दिले तर ते मत न वाटता विश्वासघात वाटतो. म्हणून अशा निवडणुकीत अनुयायाच्या धर्माची कसोटी अधिक कठोर असते, आणि सुभाषबाबूंनी स्वतः ती कशी पार केली हे पाहण्यासारखे आहे. पक्षाने त्यांना १९३९ च्या ऑगस्टमध्ये तीन वर्षे निवडणुकीच्या पदांसाठी अपात्र ठरविले. एवढे होऊनही त्यांच्या नेतृत्वाखाली आझाद हिंद सेनेच्या ब्रिगेडी गांधी, नेहरू आणि आझाद यांच्या नावांनी लढल्या, आणि ६ जुलै १९४४ रोजी त्यांनी रंगूनहून नभोवाणीवर बोलताना गांधीजींना राष्ट्रपिता म्हणून संबोधून त्यांचा आशीर्वाद मागितला. त्यांचा मार्ग बदलला नव्हता. गांधीजींनी ज्याला कधी संमती दिली नसती असे सशस्त्र युद्ध ते लढत होते. युधिष्ठिर भीष्मांपर्यंत चालत गेला तो हाच मार्ग. आणि १९४५ च्या नोव्हेंबरात लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या शाहनवाज, सहगल आणि धिल्लन या अधिकाऱ्यांवर खटला उभा राहिला, तेव्हा त्यांच्या बचावाचे नेतृत्व केले भुलाभाई देसायांनी, ज्यांची सही १९३९ च्या त्या विरोधी पत्रकावर होती. वेलिंग्टन स्क्वेअरवर ज्या नेत्यांच्या अंगावर समुदाय धावून गेला, त्यांच्याच गटातील एकाने साडेसहा वर्षांनंतर सुभाषबाबूंच्या शिपायांसाठी आपली विद्वत्ता आणि ढासळती प्रकृती पणास लावली.

म्हणून साध्या अनुयायाला मी सांगेन की त्याने आपला पक्ष निःशंकपणे घ्यावा, झालेल्या अन्यायाची दाद शेवटपर्यंत मागावी, हरल्यावर आपली बाजू खोटी होती असे कबूल करण्याचे त्याला कारण नाही; परंतु ज्याच्या विरुद्ध आपण मत देतो त्याच्या हेतूवर हात टाकण्यापूर्वी त्याच्या आयुष्याची माहिती करून घेणे, हे मतदानाइतकेच त्याचे कर्तव्य आहे. वर्गणीची पावती त्याला मत देण्याचा अधिकार देते. समोरच्याला देशाबाहेर काढण्याचा अधिकार ती त्याला देत नाही. लोकसत्ता कायद्याने स्थापन होते आणि ठरावांनी चालते, हे खरे. पण ती टिकते ती पराभूत आणि विजयी यांनी दुसऱ्या दिवशी एकमेकांच्या घरी जाण्याच्या धैर्यावर, आणि ते धैर्य नेत्यांनी दाखविले तरी पुरत नाही, ते चार आण्यांच्या सभासदानेच दाखवावे लागते, कारण त्याची संख्या मोठी आहे आणि ज्याची संख्या मोठी त्याच्याच स्वभावाला पुढे राष्ट्राचा स्वभाव म्हणतात.